घरातले जुने रिव्हॉल्वर : पिढी कशी ओळखावी, बळ कसे जोखावे

धाकटी डहाणूपासून बोर्डी-झाईपर्यंतच्या किनारपट्टीत आणि आत तलासरीच्या बाजूला एखाद्या घरात आजोबांच्या नावावरचे शस्त्र असू शकते. कोणाचे आजोबा फौजेत होते, कोणाचे पोलीस खात्यात, कोणी वाडीच्या राखणीसाठी परवाना काढला होता. आजोबा गेले की ट्रंकेच्या तळाशी कातडी म्यानात गुंडाळलेले एक जड रिव्हॉल्वर हाती लागते, आणि घरातल्या माणसांना तीन प्रश्न पडतात : हे आहे तरी कोणते? किती मजबूत आहे? अजून वापरण्याजोगे आहे का?

यावर बहुधा ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘जुने लोखंड आहे, दणकट असणारच.’ हे उत्तर धोक्याचे आहे. मोठ्या बोअरचे रिव्हॉल्वर दर बाराला स्वतःवरच घाव झेलत असते. त्याची एक आवृत्ती जिथे झिजली, सैल पडली किंवा फुटली, तिथे पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. म्हणून टिकाऊपणा वजनावरून किंवा कंपनीच्या नावावरून जोखायचा नसतो. कोणत्या जागी कोणता बदल झाला आहे, हे पाहून जोखायचा असतो. त्या जागा कोणत्या आणि त्या कशा पाहाव्यात, हे या लेखात क्रमाने देत आहे.

आधी कागद, मग शस्त्र

शस्त्र हाती घेण्याआधी परवाना शोधा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचे परवाने ठाणे जिल्ह्याच्या काळातले आहेत, त्यामुळे जुन्या नोंदींचा माग ठाण्यापर्यंत काढावा लागू शकतो. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

परवानाधारक हयात नसेल तर ते शस्त्र घरात तसेच ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आधी पोलीस ठाण्याला कळवा आणि ते सांगतील तसे करा. शस्त्र पिशवीत टाकून स्वतःच निघू नका. वारसाला स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तशी तरतूद आहे. मूळ धारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षे असेल, तर तो हयात असतानाही वारसाला अर्ज करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांत मोजले जाते.

बोअरही नीट वाचा. १९६२ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत .३८० आणि .४५५ ची काडतुसे चालवणारी रिव्हॉल्वरे, लष्करी ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांबरोबर, वेगळ्या आणि कडक वर्गात टाकली होती. कारण उघड होते. सरकारी शस्त्रागारातले काडतूस खासगी हातात चालू नये. सामान्य नागरिकाकडे परवान्यावर .३२ चे रिव्हॉल्वर दिसते आणि .४५५ चे क्वचितच, त्यामागे हेच आहे. तुमच्या घरात .४५५ निघाले, तर त्याचा परवाना कोणी आणि कोणत्या वर्गात दिला होता, हा पहिला प्रश्न समजा.

आणखी एक कलम लक्षात असू द्या. शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण घासून काढणे वा बदलणे कलम ८ नुसार गुन्हा आहे. गंज काढण्याच्या भरात पॉलिश पेपर फिरवून क्रमांक पुसट केला, तर शस्त्राची ओळखही जाते आणि माणूस अडचणीतही येतो.

पाहताना नळी कायम माणसांपासून दूर, जमिनीकडे ठेवा. बोट चापावर नको. सिलिंडर उघडून सहाही घरे डोळ्यांनी पाहा. सिलिंडर उघडत नसेल तर जोर लावू नका. गंजून अडकलेल्या सिलिंडरात काडतूस असू शकते. तिथेच थांबा आणि परवानाधारक शस्त्र-कारागिराला किंवा पोलिसांच्या आरमोररला दाखवा.

घाव कुठे बसतो

गोळी पुढे सुटते, त्याच क्षणी काडतुसाची पितळी टोपी तेवढ्याच जोराने मागे रेटली जाते. त्या धक्क्यात रिव्हॉल्वरच्या पाच जागा सापडतात.

पहिली, टोपीमागची पाटी. दर बाराला पितळ तिच्यावर आदळते, आणि घोड्याची पिन जिथून बाहेर येते त्या भोकाच्या कडा खाल्ल्या जातात.

दुसरी, सांगाड्याचा सांधा. वेब्लीसारखी रिव्हॉल्वरे मधोमध मोडून उघडतात. खाली बिजागरी, वर कडी. बाराच्या वेळी नळी पुढे आणि मूठ मागे ओढली जाते, आणि तो सगळा ताण बिजागरीच्या खिळ्यावर आणि कडीवर येतो.

तिसरी, सिलिंडरच्या बाहेरच्या खाचा. सांगाड्यातून वर येणारा एक छोटा दात या खाचेत बसून सिलिंडर नळीच्या रेषेत धरून ठेवतो. सिलिंडर जड आणि धक्का मोठा, तर दात खाचेची कड चेपतो किंवा उसळून बाहेर येतो.

चौथी, सिलिंडरचा आस आणि तो फिरवणारे मागचे दाते. पाचवी, नळीचे मूळ. सिलिंडरातून उडी मारून गोळी जिथे नळीत शिरते, तिथे तापलेला वायू पोलाद चाटत राहतो.

पुढे आवृत्त्यांची जी माहिती येईल, ती या पाच जागांवर बसवून वाचा. आवृत्त्यांचे, म्हणजे मार्कांचे, क्रमांक मग पाठ करावे लागणार नाहीत.

वेब्लीचे सहा मार्क

महाराष्ट्रात मोठ्या बोअरचे जुने रिव्हॉल्वर म्हणजे बहुधा बर्मिंगहॅमचे वेब्ली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या काळात ब्रिटिश आणि हिंदी फौजांच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला हेच शस्त्र असे. त्याचा बोअर .४५५, गोळी २६५ ग्रेन म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. गोळीचा वेग फार नाही, पण वजन भरपूर.

मार्क बहुधा वरच्या पट्टीवर डाव्या बाजूला रोमन आकड्यांत कोरलेला असतो. तो पुसट झाला असेल तर शस्त्राची घडण पाहावी लागते.

मार्क एक १८८७ चा. नळी चार इंची, मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळलेली, आणि मुठीच्या वरच्या टोकाला घोड्यामागे ठळक उंचवटा. त्याचे दुखणे पहिल्या जागेचे. पाटी सांगाड्याच्याच पोलादाची होती आणि वापराने खाल्ली जात असे.

मार्क दोन १८९५ मध्ये सैन्याने स्वीकारला. यात पाटीच्या जागी कडक पोलादाचा वेगळा तुकडा बसवला. घोड्याचा अंगठ्याने ओढायचा भाग मोठा झाला आणि मुठीवरचा उंचवटा गेला. उघड्या रिव्हॉल्वरात घोड्यासमोर स्वतंत्र पाटी दिसली आणि मुठीची पाठ सरळ वळणाची असली, तर पहिली मोठी सुधारणा झालेली आहे असे समजावे.

मार्क तीन १८९७ चा. बाहेरून तो दोनसारखाच दिसतो. बदल सिलिंडर धरून ठेवणाऱ्या आणि साफसफाईसाठी सोडवणाऱ्या भागांत आहेत.

मार्क चार १८९९ चा, बोअर युद्धाच्या काळातला. इथे सुधारणा धातूतच झाली. अधिक चांगले पोलाद वापरले आणि झिजणाऱ्या भागांना वरून कडकपणा दिला. असा बदल डोळ्यांना दिसत नाही. दोन आणि चार शेजारी ठेवले तर घडणीत फरक थोडा, पण पोलादाच्या आयुष्यात फरक मोठा. म्हणून या दोहोंच्या बाबतीत नजरेपेक्षा कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा. आकडा वाचता येत नसेल तर शस्त्र आधीच्या, दुबळ्या आवृत्तीचे आहे असे धरून चाला.

मार्क पाच डिसेंबर १९१३ चा. काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूने घेतली होती, आणि तिचा दाब पेलण्यासाठी सिलिंडर किंचित जाड केला. त्याच्याबरोबर सांगाडाही थोडा बदलला. सिलिंडरच्या घराबाहेरची पोलादाची भिंत जाड, म्हणजे बाराचा दाब सहन करण्याची ताकद जास्त.

मार्क सहा २४ मे १९१५ रोजी मंजूर झाला. तो ओळखायला सर्वांत सोपा. नळी सहा इंची, मूठ चोचीऐवजी चौकोनी बुडाची, आणि पुढची माशी बदलता येईल अशी. वजन रिकामे असताना सुमारे १.१ किलो. खंदकांतल्या चिखलात टिकलेली ही आवृत्ती १९४७ पर्यंत सेवेत राहिली. आपल्याकडे दिसणारी बहुतेक मोठी वेब्ली हीच.

चांदणीची खूण

मार्कच्या आकड्याशेजारी एक किंवा दोन चांदण्या दिसल्या तर त्या महत्त्वाच्या आहेत. जुने शस्त्र कारखान्यात परत नेऊन त्यात नंतरचे भाग बसवले, की आकड्याला चांदणी लागे. मार्क एकला एक चांदणी असली, तर त्याला नंतर कडक पाटी मिळाली आहे. दोन चांदण्यांच्या नगांत, विशेषतः १९१५ मध्ये आरमारासाठी सुधारलेल्यांत, पुढच्या मार्कचे भाग आढळतात. असे शस्त्र दोन पिढ्यांचे असते. सिलिंडर नवा, पण बिजागरी आणि सांगाडा जुनाच. त्याची ताकद त्याच्या सर्वांत जुन्या भागाएवढीच धरावी.

क्रमांकही ताडून पाहा. सांगाडा, नळी आणि सिलिंडर यांच्यावर एकच क्रमांक हवा. तो वेगळा निघाला तर कोणीतरी मध्येच भाग बदलला आहे. बदललेला सिलिंडर जागेवर बसल्यासारखा दिसतो, पण सहाही घरे नळीच्या रेषेत येतीलच असे नाही. आणि घर रेषेत नसेल तर गोळीची कड नळीच्या तोंडावर कापली जाते.

पुढची आवृत्ती नेहमीच चांगली नसते

आकडा मोठा तितके शस्त्र चांगले, असा समज होऊ देऊ नका. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिशांनी .४५५ सोडून .३८ चा हलका बोअर घेतला. त्यासाठी एनफील्ड नंबर दोन हे रिव्हॉल्वर आले. त्याची १९४२ ची दोन चांदण्यांची आवृत्ती काढताना युद्धाची घाई होती. उत्पादन लवकर व्हावे म्हणून त्यातली घोडा अडवणारी छोटी पट्टी गाळली. ही पट्टी चाप ओढल्याशिवाय घोड्याला टोपीपर्यंत पोहोचू देत नसे. ती गेल्यावर शस्त्र घोड्यावर पडले तर बार होण्याची भीती निर्माण झाली. युद्ध संपल्यावर ही रिव्हॉल्वरे परत बोलावून त्यांत पट्टी पुन्हा बसवण्यात आली.

अमेरिकेत नेमके उलट घडले. स्मिथ अँड वेसनचे ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्वर .३८ मध्ये ब्रिटिश फौजांना मोठ्या संख्येने पुरवले गेले. १९४४ मध्ये अमेरिकी आरमाराच्या एका जहाजावर असे रिव्हॉल्वर डेकवर पडून बार झाला आणि एक खलाशी दगावला. त्यानंतर कंपनीने घोडा अडवणारी नवी पट्टी बसवली. सुधारित नगांच्या क्रमांकाआधीच्या ‘व्ही’ या अक्षराला ‘एस’ हे अक्षर जोडले. व्हिक्टरी दिसले तर आधी क्रमांकाचे पहिले अक्षर वाचा. नुसता ‘व्ही’ असेल तर ते पडण्यापासून सुरक्षित नाही.

यातून एक सवय लावून घ्या. प्रत्येक जुन्या शस्त्राबाबत दोन वेगळे प्रश्न विचारा : बाराचा दाब ते पेलेल का, आणि हातातून निसटले तर ते गप्प राहील का? पहिल्याचे उत्तर होकारार्थी असले तरी दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते.

.४४ मॅग्नमपासून मिळणारा धडा

मोठ्या बोअरमध्ये टिकाऊपणाची टप्प्याटप्प्याने झालेली दुरुस्ती सर्वांत स्पष्ट दिसते ती स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल २९ मध्ये. आपल्याकडे हे शस्त्र क्वचितच भेटेल, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी नेमबाजांसाठी ते परके नाही. शिवाय ते समजले की कोणतेही रिव्हॉल्वर वाचायला सोपे जाते.

.४४ मॅग्नमचे काडतूस १९५५ च्या अखेरीस आले. २४० ग्रेनची गोळी वेब्लीच्या दुपटीहून अधिक वेगाने सोडणारे हे काडतूस होते, आणि ज्या सांगाड्यातून ते सुटत होते तो जुन्या, सौम्य काडतुसांसाठी घडवलेला होता. मॉडेलचा आकडा सिलिंडर बाहेर काढल्यावर सांगाड्याच्या खोबणीत कोरलेला दिसतो. आकड्यानंतरच्या छोट्या रेघेपुढचा अंक म्हणजे पिढी.

२९-१ मध्ये, १९६० च्या सुमारास, टोप्या बाहेर ढकलणाऱ्या दांडीचे आटे उलटे केले. आधी ती दांडी बार करता करता सैल होऊन सिलिंडर अडकवत असे. २९-२ मध्ये सिलिंडर अडवणाऱ्या दाताची रचना बदलली आणि चापाच्या कड्यासमोरचा स्क्रू गेला. १९८२ च्या २९-३ मध्ये नळीच्या मुळाशी आडवी ठोकलेली पिन आणि सिलिंडरच्या घरांतला टोपीची कड लपवणारा खोलगट भाग, दोन्ही काढले. जुन्या वस्तू जमवणारे याच दोन गोष्टींसाठी आधीच्या नगांना जास्त किंमत देतात. पण त्या किमतीचा टिकाऊपणाशी संबंध नाही.

टिकाऊपणाची खरी दुरुस्ती त्यानंतरची. धातूच्या आकृत्यांवर लांबून नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंनी हजारो जड काडतुसे झाडली, तेव्हा दुखणे उघडे पडले. धक्क्याने सिलिंडरची कडी क्षणभर सुटे, सिलिंडर उलटा सरके आणि झाडलेलेच घर पुन्हा घोड्यासमोर येई. १९८८ च्या २९-४ मध्ये सिलिंडरचा आधार धरून ठेवण्याची पद्धत सुधारली. १९९० च्या २९-५ मध्ये सिलिंडरवरच्या खाचा लांब केल्या आणि धक्क्याने कडी मागे सरकू नये म्हणून आत अडसर बसवला. लांब खाच बाहेरून दिसते. जुन्या सिलिंडरशेजारी ठेवले तर शिकाऊ डोळ्यालाही फरक कळतो. आतला अडसर मात्र दिसत नाही. तो आकड्यावरूनच समजतो.

इथेही तेच निघते. काही सुधारणा दिसतात, काही कोरलेल्या आकड्यातच राहतात. म्हणून आकडा शाबूत ठेवणे हे शस्त्राचे आयुष्य जपण्याइतकेच महत्त्वाचे.

आपले .३२

परवान्यावर सर्वांत जास्त भेटणारे रिव्हॉल्वर म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२. त्याची घडण वेब्लीच्या .३८ मार्क चारवरून घेतलेली, म्हणजे मधोमध मोडून उघडणारी. बोअर लहान असल्याने ताण कमी, पण सांधा तोच. बिजागरी आणि कडी तपासायची सवय इथेही उपयोगी पडते.

२०१४ मध्ये आलेल्या ‘निर्भीक’मध्ये टायटॅनियमचा मिश्रधातू वापरला. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. टायटॅनियमला खारी हवा सहज खात नाही, ही किनाऱ्यावरच्या माणसासाठी कामाची गोष्ट. पण वजन हलके म्हणजे हाताला धक्का जास्त, हेही लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ने मूळ घडणच बदलली. सिलिंडर बाजूला उघडतो आणि सांगाडा अखंड आहे. वेब्लीच्या सांध्यावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जो ताण येत होता, तो अशा अखंड सांगाड्यात उरत नाही. मोडून उघडणारे आणि बाजूला उघडणारे यांतला फरक एका नजरेत कळतो. भारतीय .३२ पाहताना तोच आधी पाहा.

वापराची झीज कशी पाहावी

पिढी कळली म्हणजे शस्त्र मुळात किती बळकट होते ते कळले. आज ते किती उरले आहे, हे झीज सांगते. रिकामे असल्याची दोनदा खात्री करून पुढील गोष्टी पाहता येतात.

सिलिंडर बोटांत धरून पुढे-मागे हलवा. बैलगाडीच्या चाकाची कणी झिजली की चाक डुलते, तसा झिजलेल्या आसावरचा सिलिंडर पुढे-मागे खेळतो. केसभर हालचाल चालते. टकटक ऐकू आली तर शस्त्र बाजूला ठेवा. मग उजेडासमोर धरून सिलिंडर आणि नळी यांमधली फट पाहा. चांगल्या रिव्हॉल्वरात ती इंचाच्या हजाराव्या भागांत, साधारण चार ते दहा, म्हणजे ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असते. नुसत्या डोळ्यांनी फट रुंद वाटली तर ती जास्तच आहे.

मोडून उघडणाऱ्या शस्त्रात नळी एका हातात आणि मूठ दुसऱ्या हातात धरून वर-खाली हलका दाब द्या. कडीपाशी हालचाल जाणवली तर सांधा ढिला झाला आहे. पाटीवरच्या पिनच्या भोकाभोवती कड खाल्लेली आहे का, सिलिंडरच्या खाचांच्या कडा चेपून लोखंड बाहेर आले आहे का, नळीच्या मुळाशी खड्डे किंवा चिरा आहेत का, हेही पाहा. चीर दिसली तर त्या शस्त्राचे काम तिथेच संपले. दुरुस्तीचा मोह नको. दुरुस्ती आणि चाचणी परवानाधारक कारागिरानेच करायची असते, घरगुती वेल्डिंगने किंवा ओळखीच्या लेथवर नव्हे.

किनाऱ्यावरच्या घरात आणखी एक शत्रू आहे, खारी दमट हवा. शस्त्राची निळसर काळी झिलई म्हणजे लोखंडावरचा पातळ थर. तो मिठाला फार काळ अडवत नाही. सर्वांत वाईट जागा म्हणजे कातडी म्यान. कातडे ओल धरते आणि ती रात्रंदिवस लोखंडाला लावून ठेवते. मुठीच्या लाकडी फळ्यांखाली, बिजागरीच्या खिळ्याभोवती आणि सिलिंडरच्या घरांत गंज आधी धरतो, आणि तो वरून दिसत नाही. म्यान वेगळे ठेवा. शस्त्र पातळ तेलाचा हात देऊन कोरड्या कुलूपबंद जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. काडतुसे दुसऱ्या जागी कुलपात ठेवा. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पाहा. तपकिरी ठिपके तेलाने पुसले जातात. नखाला लागणारा खड्डा मात्र कायमचा, आणि तो सिलिंडरच्या घरात असेल तर धोक्याचा.

चकचकीत शस्त्र पाहून भुलू नका. नव्याने झिलई दिलेल्या जुन्या रिव्हॉल्वरची अक्षरे पुसट होतात, धारदार कडा गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल जातात. अशा झिलईखाली गंजाचे खड्डे दडलेले असू शकतात.

काडतूस पिढीला साजेसे हवे

सर्वांत मोठा अपघात जुन्या शस्त्रात नव्या दमाचे काडतूस घातल्याने होतो. इथे एक गोंधळ टाळा. वेब्लीला मार्क होते, तसे .४५५ च्या काडतुसांनाही मार्क होते, आणि त्या दोन क्रमांकांचा एकमेकांशी संबंध नाही. मार्क दोनचे काडतूस म्हणजे मार्क दोनच्या रिव्हॉल्वरसाठीचे, असे मुळीच नाही.

बर्मिंगहॅमच्या परीक्षा-गृहाने १९०४ पासून बिनधुराच्या दारूवर तपासलेल्या शस्त्रांना मुकुटाखाली ‘एन पी’ अशी खूण दिली. सरकारी साठ्यातून नागरी बाजारात विकल्या गेलेल्या अनेक .४५५ वेब्लींवर त्यापुढे ‘६ टन’ असाही ठसा सापडतो. म्हणजे दर चौरस इंचाला सहा टन, सुमारे १३,४०० पौंड. अमेरिकेत बऱ्याच वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू कापून त्या .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसासाठी वळवल्या. त्या काडतुसाचा कमाल दाब २१,००० पौंड. सिलिंडर वळवला म्हणून पोलाद बळकट झाले नाही. सिलिंडरच्या मागच्या बाजूला ताज्या कापाच्या खुणा आणि झिलई नसलेले उघडे लोखंड दिसले, तर अशा शस्त्रात फॅक्टरीचे .४५ एसीपी काडतूस कधीही घालू नका. अमेरिकेतल्या नातलगांकडे वेब्ली असेल तर त्यांना हे आवर्जून सांगा.

आपल्याकडच्या जुन्या काडतुसांच्या बुडाशी बहुधा ‘केएफ’ दिसेल. ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, म्हणजे जुन्या किरकी फॅक्टरीची खूण. १८६९ पासूनच्या या कारखान्याचे काम उत्तम, पण दमट ट्रंकेत अनेक पावसाळे काढलेले कोणतेही काडतूस भरवशाचे नसते. हिरवा गंज धरलेली, ओरखडलेली किंवा कोणत्या वर्षाची ते न कळणारी काडतुसे स्वतः उघडू नका, जाळू नका, खाडीत टाकू नका. पोलीस ठाण्यात जमा करा.

मग ठरवायचे काय

एका वहीत चार ओळी लिहा : कंपनी आणि मार्क चांदणीसकट, सगळ्या भागांवरचे क्रमांक, परीक्षेच्या खुणा, आणि झीज दिसली ती जागा. ही वही घेऊन परवानाधारक कारागिराकडे गेलात तर तो ‘बघू’ म्हणणार नाही, नेमके बोलेल. परवान्याच्या कामातही ती उपयोगी पडेल.

त्यातून बहुतेक वेळा तीनपैकी एक निर्णय निघतो. शस्त्र नंतरच्या बळकट पिढीचे, क्रमांक जुळणारे, झीज थोडी आणि परवाना शाबूत असेल, तर ते सांभाळा आणि नियमित तपासून घ्या. पिढी जुनी किंवा भाग मिसळलेले असतील, तर ते आठवण म्हणून ठेवायचे की निष्क्रिय करून घ्यायचे, हे परवाना अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा. पुरातन आणि कायमचे निकामी शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सुटते, पण ते निकामी आहे हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. आणि कागदच नसतील, तर जमा करण्यात दिरंगाई करू नका.

जमा करणे म्हणजे आजोबांची आठवण टाकून देणे, असे कोणाला वाटू देऊ नका. १८८७ पासून आजपर्यंत कारागीर आणि सैनिक या शस्त्रात एकेक दुरुस्ती करत आले, ती ते धरणाऱ्या हाताला इजा होऊ नये म्हणून. मार्क वाचून, झीज पाहून ‘हे आता चालवायचे नाही’ असे ठरवणारा वारस त्यांचेच काम पुढे नेतो. आजोबांचा फोटो, पदक, परवान्याची प्रत आणि ती वही घरात ठेवा. शस्त्राचा निर्णय मात्र पोलादाची आजची ताकद पाहूनच घ्या.